लायनर न टाकलेल्या चिमणीबद्दल राजनरावांस

रेजिना,
१८ जून २०१७

प्रिय राजनराव यांस,
बबनचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा बदलून तीन महिने झाले, आता स्कारबरोच्या त्या तीन मजली घराचे जिने चढता येत असतील अशी आशा करतो. शुगर सांभाळा. चि. कस्तुरीला नोकरी लागल्याचं कळलं, आनंद झाला, तिला आशीर्वाद सांगा. माधवीची पाठ कशी आहे? इकडे मी ठीक आहे. ‘ठीक’ हा शब्द मी दात-ओठ खाऊन लिहिलेला आहे, एवढं समजून पुढे वाचावं.

पहिली गोष्ट. आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही जो मेसेज टाकलात (‘बबनरावांनी अलार्मची बॅटरी काढली आणि भाषण चालू ठेवलं’, आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे पाच पिवळे चेहरे), तो मी वाचला. नागपूरच्या आत्याबाईंनी वाचला. दुबईच्या भाच्याने तर पुढे पाठवला. तुम्ही माझे साडू आहात, वयाने चार वर्षांनी लहान आहात, आणि घटनेच्या वेळी अडीच हजार किलोमीटर लांब होता. तेव्हा नेमकं काय झालं ते माझ्याकडून ऐका, आणि मग हवे तेवढे चेहरे टाका.

आमचं घर तुम्ही पाहिलेलं आहे. एकोणीसशे सव्वीसचं, विटांची चिमणी असलेलं. ते आम्ही एकोणऐंशी साली घेतलं तेव्हा तुमचं लग्नही झालेलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरमध्ये घर तापवणारा जुना फर्नेस मेला म्हणून आम्ही नवा, कमी गॅस खाणारा बसवून घेतला. या नव्या फर्नेसचा धूर चिमणीतून जात नाही, भिंतीतून आडव्या प्लास्टिकच्या पाइपने बाहेर पडतो. बसवायला आलेला माणूस जाता जाता, बूट घालता घालता (हे महत्त्वाचं आहे, बूट घालता घालता!) म्हणाला की आता एवढ्या मोठ्या चिमणीवर तुमचा पाण्याचा गॅस हीटर एकटाच उरला, त्याचा धूर थोडा, तो वर पोचेपर्यंत थंड पडेल, आतल्या आत पाणी होईल, आणि ते तुमची चिमणी खाईल. आत स्टीलची नळी टाकून घ्या, तिला लायनर म्हणतात. आता मला सांगा, माणसाच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट कुणी बुटाची नाडी बांधता बांधता सांगतं का? मी एकतीस वर्षं या प्रांताचे पूल डिझाइन केले. मी त्याला ‘थँक यू’ म्हटलं आणि दार लावलं. यात माझी काय चूक?

पुढे हिवाळा. नोव्हेंबरपासून इंदूचं डोकं दुखायला लागलं. ती लायब्ररीत गेली की बरं, मेश्रामांच्या मृणालकडे गेली की बरं, घरात आली की पुन्हा सुरू. ती रोज म्हणायची, “मी घरात पाऊल टाकलं की डोकं दुखतं.” राजनराव, एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाने या वाक्याचा काय अर्थ लावावा? मी तोच लावला. मी म्हटलं, “तर मग बाहेरच राहात जा.” ती म्हणाली, “राहीनही.” झालं. कधी मी तिच्या चष्म्याला दोष दिला, कधी तिच्या मालिकांना. मार्चमध्ये चिमणीच्या विटांवर पांढरा थर आला, बर्फावर विटांचे पापुद्रे पडू लागले, खिडक्या आतून ओल्या व्हायला लागल्या. मी त्या प्रत्येक गोष्टीचं वेगवेगळं शास्त्रीय स्पष्टीकरण तिला दिलं. (सगळी स्पष्टीकरणं उत्तम होती. एकही बरोबर नव्हतं.)

आणि मग पंधरा एप्रिल, शनिवार. आपल्या असोसिएशनने जयंतीचा कार्यक्रम यंदा आमच्याकडे ठेवला होता, कारण हॉल मिळाला नव्हता. सव्वीस माणसं बेसमेंटमध्ये. वर किचनमध्ये भजी तळली जात होती म्हणून एक्झॉस्ट फॅन पूर्ण जोरात, सिंकमध्ये सतत गरम पाणी, बाहेर उणे दोन म्हणून खिडक्या बंद. भाषणाला मी उभा. माझा विषय काय होता हे तुमच्या मेसेजमध्ये तुम्ही अगदी आवर्जून लिहिलंत, तर मीही लिहितो: ‘तपासल्याशिवाय काहीही मानू नये.’ दहाव्या मिनिटाला जिन्यातला अलार्म वाजू लागला. चार वेळा पीं, मग गप्प, पुन्हा चार वेळा. मी म्हटलं, बॅटरी संपली असेल. श्रोत्यांकडे पाठ न करता दोन पायऱ्या चढलो, बॅटरी काढली, जॅकेटच्या खिशात टाकली आणि म्हणालो, “तर मंडळी, पुरावा म्हणजे काय?”

मृणालला तुम्ही ओळखता, आपल्या मेश्रामांची सून, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती मागच्या रांगेतून उठून उभी राहिली. “काका, स्टॉप. कुणाकुणाचं डोकं दुखतंय?” नऊ हात वर झाले. मी म्हटलं, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “एव्हरीबडी आउट. आत्ता. कोट राहू द्या.”

राजनराव, सव्वीस माणसं मोज्यांवर बर्फात उभी होती. काहींनी दाराशी जो बूट हाताला लागला तो घातला. एका पायात आपला, दुसऱ्या पायात दुसऱ्याचा. विजयालक्ष्मीबाईंच्या हातात भज्यांची प्लेट होती, ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. समोरच्या घरातली मंडळी फोनवर शूटिंग करत होती. फायर ट्रक आला. मुखवटा लावलेला माणूस हातात मीटर घेऊन आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याने बोलायच्या आधी नुसती मान हलवली. चिमणीच्या आतल्या मातीच्या फरश्या फुटून खाली पडल्या होत्या, वाट बुजली होती, आणि हीटरचा सगळा गॅस, कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना वास ना रंग, घरात परत येत होता. भज्यांचा फॅन त्याला आणखी आत ओढत होता. मग तो म्हणाला, “हू टुक द बॅटरी आउट?” कुणी बोललं नाही. आपल्या समाजात एवढी एकी मी पहिल्यांदा पाहिली. तेवढ्यात निधी, वय वर्षं सात, स्पष्ट आवाजात म्हणाली, “बबन अंकल डिड. इट्स इन हिज पॉकेट.” मुलांना इंग्रजी शाळेत घालतात ते यासाठी!

चौघांना हॉस्पिटलमध्ये नेलं, त्यात इंदू. तिच्या रक्तात तो गॅस सगळ्यांपेक्षा जास्त निघाला, कारण बाकीचे तासभरासाठी आले होते आणि ती तिथे राहात होती. नाकाला ऑक्सिजन लावलेला. डॉक्टरने विचारलं, डोकेदुखी कधीपासून? ती म्हणाली, “सिन्स नोव्हेंबर.” आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी वाट पाहिली. ती बोलली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं: बुटाची नाडी, चष्मा, सगळं. ती बोललीच नाही. मंगळवारी तिने बॅग भरली आणि म्हणाली, “माधवीकडे दोन आठवडे जाऊन येते.” आज तुमच्या घरी तिचा नववा आठवडा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा चिमणीचा राग आमच्यावर का? ऐका. गॅसवाल्यांनी हीटरला लाल चिठ्ठी लावून तो बंद केला. मी किटलीत पाणी तापवून, बादलीत विसण घालून आंघोळ करतोय, कामठीत करायचो तशी. चिमणी पाहायला पहिला आला तो गुळगुळीत बोलणारा, हातात टॅब्लेट. म्हणाला, पाडून टाका, इलेक्ट्रिक टँक घ्या. मी म्हटलं, चिमणी नसलेलं घर म्हणजे नाक कापलेला माणूस. तो म्हणाला, सर, युअर चॉइस. दुसऱ्याने शिडीच लावली नाही, रस्त्यावरून फोटो काढला आणि वर नुसती टोपी बसवू म्हणाला. टोपी! ज्याचं पोट सडलंय त्याला! त्याला मी ज्या शब्दांत घालवला ते शब्द मला अजून येतात हे पाहून मलाच बरं वाटलं. दोघांनीही एक मात्र सांगितलं, थंडी पूर्ण जाईपर्यंत विटेचं काम कुणी करणार नाही. म्हणजे मे अखेरपर्यंत मी आणि लाल चिठ्ठी.

शेवटी आली डार्लीन. साठीची बाई, मनगटं माझ्या पोटरीएवढी, गेली पस्तीस वर्षं गवंडीकाम करते. सगळ्यांना ‘हन’, म्हणजे हनी, म्हणते, मलाही. (मी डिपार्टमेंटमधून डेप्युटी डायरेक्टर म्हणून निवृत्त झालो.) छपराच्या वरचा भाग तिने हाताने, एकेक वीट काढून, उतरवला. मी खाली उभा राहून सूचना देत होतो. दुसऱ्या दिवशी ती एक वीट घेऊन खाली आली. विटेचं तोंड सोलून निघालेलं, कडेला करडं सिमेंट घट्ट चिकटलेलं.

“जुनी वीट मऊ असते, हन. तिला चुन्याचा मऊ सांधा लागतो. कुणीतरी इथे दगडासारखं सिमेंट भरलंय. ओल आत अडकली, गोठली, विटा फुटल्या. कुणी केलं हे?” (हे ती इंग्रजीत बोलली, मी सभ्य करून मराठीत लिहितोय.)

मी म्हटलं, “प्रीव्हिअस ओनर.”

तिने वीट उलटी केली. सिमेंटवर खिळ्याने कोरलेलं होतं: B. RAMTEKE 1998. डार्लीनने ते मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, “एनी रिलेशन?”

मला त्या क्षणी सगळ्या जगाचा राग आला. फर्नेसवाल्याचा, निधीचा, नऊ हात वर करणाऱ्यांचा, तुमचा. मी आत गेलो, किचनच्या टेबलापाशी बसलो, आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की आता कुणी उरलंच नाही. यादी संपली होती. म्हणजे एक नाव होतं, पण ते विटेवर होतं.

मग मी बाहेर जाऊन तिला म्हटलं, मी काय करू? ती म्हणाली, चुना कालव. सहा दिवस मी चुना कालवला, विटा पुसल्या, दोरीने बादल्या वर पाठवल्या. तीनदा तिने माझा चुना फेकून दिला. शेवटच्या दिवशी लायनर. लवचिक स्टीलची लांब नळी ती वरून सोडत होती आणि मी खाली बेसमेंटमध्ये टोक ओढायला. मध्येच नळी अडली. चिमणीतून तिचा आवाज आला, “पुल, हन! तुझं काय झोपेत चाललंय?” आणि मी, बहात्तर वर्षांचा माणूस, हातात काळी झालेली नळी धरून हसत सुटलो. नऊ आठवड्यांत या घरात कुणी माझ्यावर ओरडलंच नव्हतं.

परवा इन्स्पेक्टरने पास केलं. लाल चिठ्ठी काढली. गरम पाणी येतं. अलार्म चार लावलेत, एक बेडरूममध्ये, तिच्या बाजूला. चिमणी सरळ उभी आहे, रेषेत, शेजारी थांबून बघतात. तेव्हा माझी काळजी करायचं तुम्हाला काही कारण नाही. मी कुणाला बोलावत नाहीये, कुणाची वाट बघत नाहीये, हे सगळ्यांना स्पष्ट सांगावं.

मेसेजबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आपला,
बबन

ता.क. हे पत्र इंदूला दाखवू नये.

ता.क. २: दाखवावं. ‘एनी रिलेशन’पासून पुढचं तरी. आणि ती कुठे हसली ते मला कळवावं. हसली नाही तरी कळवावं.

ता.क. ३: खरं म्हणजे हे पत्र पोचेल त्याच्या एक-दोन दिवस मागे-पुढे मीच पोचतोय. शनिवारी दुपारची फ्लाइट आहे, एअरपोर्टवर यायची गरज नाही. एकच विनंती, आणि सगळं पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिलं असं समजा: मी दारात आलो की तुम्ही आणि माधवी तासभर कुठेतरी ग्रोसरीला जा. कस्तुरीलाही न्या. मला इंदूला ‘चुकलो’ एवढंच म्हणायचंय, आणि चार माणसं समोर असली की मी भाषण करतो.