बापूने गाडीला कान लावला

रविवार, संध्याकाळी सात

सुमन आज नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आली. लेकीचं कौतुक वाटलं. सरकारी सवलत मिळाली म्हणूनच घेता आली, म्हणाली. मला ते पटतं. गॅरेजातल्या धुराने ह्यांची छाती गेली, डोळ्यांनी पाहिलंय मी.

मग बापू गाडी बघायला आला. ह्यांच्या हाताखाली शिकलेला, आता पन्नाशीचा. गॅरेज तोच चालवतो. सवयीने त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉनेटला टेकवलं, मूठ कानाला लावली. इंजिनाचा आवाज ऐकायची ह्यांचीच पद्धत.

"वैनी, बंद पडली की ही!"

"चालू आहे, काका!" सुमन हसली. मीही हसले. बापूने स्क्रूड्रायव्हर हळूच खिशात घातला. ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

सवलत बंद करा असं मी म्हणणार नाही. पण घेणाऱ्याला हात दिला, मग दुरुस्त करणाऱ्याला नको? तो स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने कुठे जायचं?

शेवटी विचारलंच, "ह्या गाड्यांचा सरकारी कोर्स असतो ना? जात का नाहीस?"

"दोन महिनं कुलूप लावू व्हय? गिऱ्हाईक ऱ्हातंय का?"

"मी बसते दिवसा. गाड्या घेऊन ठेवते, तू संध्याकाळी कर."

"तुमी? पाना तरी वळकतासा काय?"

"शिकीन की."

बोलून गेले खरी. हे गेल्यापासून त्या शटरच्या आत पाऊल टाकलेलं नाही. बापूला ते माहीत आहे. त्याने गॅरेजची दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

उद्या नऊला उघडायचं.