रेडिओच्या पुस्तकाचा एकुलता एक वाचक

ता. ९ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्यावर लगेच पत्र टाकीन असं कबूल करून आले होते, त्याला पंधरवडा उलटला. रागावू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं नाही हे तुम्ही मान्य करत नाही, त्यामुळे माझी खबरबात आईच्या तोंडून, तिच्या मनासारखी होऊन तुमच्यापर्यंत पोचते. त्यापेक्षा पत्र बरं.

खोली चांगली आहे. मागच्या गल्लीत एक पत्र्याचं काम करणारा दिवसभर ठोकाठोकी करतो, पण मी दिवसभर नसतेच. ग्रंथालय दोन मजली आहे, खाली वर्तमानपत्रं आणि देवघेवीची खिडकी, वर कपाटं. मुख्य ग्रंथपालांना इथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. अंगानं एवढ्याशा आहेत, पण त्या जिन्यात दिसल्या की सगळ्यांची कामं आठवायला लागतात. माझी उमेदवारी सहा महिन्यांची. नंतर ठेवायचं की नारळ द्यायचा, ते त्याच ठरवणार.

मला वाटत होतं, पुस्तकं निवडायची म्हणजे यादी काढून चांगली चांगली मागवायची. बाईंनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर आणलं. वर नेऊन त्यांनी एका भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या की तांत्रिक विषयांची ही भिंत आजपासून तुमची, आणि हिच्यातून एक फळी रिकामी केल्याशिवाय एकही नवं पुस्तक घ्यायचं नाही, कारण भिंत काही लांब होत नाही. काढायचं काय हे ओळखायचं कसं, तेही दाखवलं. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते, तिच्यावरचा शेवटचा शिक्का बघायचा. वरच्या कडेवरून बोट फिरवायचं, म्हणजे धुळीवरून पुस्तक किती वर्षं हललं नाही ते कळतं. मग आत बघायचं की माहिती आजही खरी आहे, की वाचणाऱ्याला खड्ड्यात घालेल. आणि हे आपल्याला आवडतं का असा विचार मनात आला, तर पुस्तक खाली ठेवून पाणी पिऊन यायचं.

आता खरी बातमी. तिसऱ्या फळीवर तुम्ही आहात. ‘रेडिओ उघडण्याआधी’, त्याच त्या पिवळट कव्हराचं. लहानपणी त्यातल्या आकृत्या तुम्ही जेवणाच्या टेबलावर काढायचात आणि आम्ही ताटं मांडीवर घ्यायचो, ते आठवलं. चिठ्ठीवर चिठ्ठी डकवून डकवून मागचं पान जाड झालंय, इतकं ते एके काळी फिरलंय. शेवटचा शिक्का मात्र मी शाळेत असतानाचा आहे. पुस्तकावर तुमचं आडनाव, माझं आता लग्नानंतरचं, त्यामुळे इथे कुणाला काही पत्ता नाही. काय करावं ते सुचत नाही, म्हणून तेवढं पुस्तक सोडून बाकीची फळी तपासते आहे.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पत्र उशिरा आलं म्हणून कमी करू नये.

आपली,
भिंगरी


ता. १८ जून

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मला उत्तम ऐकू येतं, तुझी आईच हल्ली पुटपुटल्यासारखी बोलते.

पुस्तकाबद्दल लिहिलंस त्याचं मला काही नाही. चाळीस वर्षं रेडिओ उघडले, एक पुस्तक लिहिलं, लोकांनी वाचलं, संपलं. काढायचं तर खुशाल काढ. फक्त घाई करू नये असं माझं मत आहे. अजून कितीतरी घरांत जुने सेट असतील. एखादा वाचक येईलही. तू ज्या दिवशी पुस्तक काढशील त्याच्या दुसऱ्या दिवशी तो नेमका येईल, आणि मग तुझ्या त्या बाई तुलाच बोलतील.

सहज विचारतो. तुमच्याकडे सभासद व्हायला काय काय लागतं? आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं? शिवाय समजा एखाद्या पुस्तकावर शिक्के पडू लागले, तर साधारण किती पडले म्हणजे ते पुस्तक जिवंत धरतात? तुझं काम नीट समजून घ्यावं, एवढाच हेतू.

दुकान बंद केल्यापासून तुझी आई मला घरातलं सगळं दुरुस्त करायला लावते. मिक्सर आता आधीपेक्षा जोरात ओरडतो. ती म्हणते मी बिघडवला.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आमची आठवण अशीच ठेव.

तुझे बाबा


ता. २० जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पुस्तक गेलं. म्हणजे वाचायला गेलं!

पुस्तकाची कड घेणारं तुमचं पत्र वाचूनही मी मन घट्ट करून ते काढायच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, हे आईला सांगू नका. आणि गेल्या आठवड्यात एक आजोबा आले. कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात चष्मा, हातात नवंकोरं सभासदाचं कार्ड. भिंतीकडे नुसतं बघितलंही नाही, थेट माझ्याकडे येऊन रेडिओ दुरुस्तीचं अमुक पुस्तक आहे का असं नावानिशी विचारलं. मी गठ्ठ्यातून काढून, धूळ पुसून दिलं.

सोमवारी ते परत घेऊन आले आणि तेच पुन्हा हवं म्हणाले. मी न राहवून विचारलं की त्यात काय आवडलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले की लेखकानं सगळं अगदी मापात बेतलंय, कुठे सैल नाही, कुठे काचत नाही. तुमच्या लिहिण्याबद्दल इतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

बाकी भिंतीचं काम जोरात आहे. आता मी उलटी बाजू शिकते आहे, म्हणजे लोक काय मागतात आणि आपल्याकडे काय मिळत नाही ते टिपून ठेवायचं. जवळच्या तंत्रशाळेतली मुलं मोबाइल दुरुस्तीचं आणि छपरावरच्या सौर विजेचं मागतात. एक मुलगी तर दर आठवड्याला येते. तिला मोबाइलचं दुकान काढायचंय आणि घरी कुणाचा विश्वास नाही. तिच्यासाठी काहीतरी मागवायचं मनात आहे.

आपला आशीर्वाद पाठीशी आहेच, तो तिथेच असू द्यावा.

आपली,
भिंगरी


ता. २८ जुलै

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

वाचून संतोष झाला. मी काय म्हटलं होतं? गृहस्थ जाणकार दिसतात. वाचकाला फार प्रश्न विचारू नयेत, बुजतात. शिक्का मारावा आणि जाऊ द्यावं.

तुझी आई विचारते, मी दोन दिवस शीळ का घालतोय. हवा चांगली आहे असं सांगितलं. लोभ वाढता ठेव, मीही ठेवतो.

तुझे बाबा


ता. ३ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला विचारायला हे पत्र. खरं म्हणजे ठरवून झालंय, तुम्ही हो म्हणावं एवढंच वाटतं.

आजोबा पुस्तक नेतात, आणतात, पुन्हा नेतात. संपूर्ण भिंतीवर गेल्या दोन महिन्यांत दुसरं कुठलंही पुस्तक इतक्या वेळा हललेलं नाही. मग मला वाटलं की आपण रेडिओ मेला असं धरून चाललो, पण मागणी असेल आणि आपणच ती ओळखली नसेल तर? पुस्तकविक्रेत्याकडे चौकशी केली. जुने सेट जमवणाऱ्या आणि पुन्हा चालू करणाऱ्या हौशी लोकांसाठी पुस्तकांचा एक मोठा संच निघालाय. महाग आहे. तो घेतला की माझ्या भिंतीच्या वाट्याची या सहामाहीची खरेदी संपली. शिवाय रेडिओची जी जुनी ओळ काढणार होते, तीही आता ठेवते.

मोबाइल आणि सौर विजेचं पुढच्या वर्षी बघू. त्या मुलीला तसं सांगितलं. ती मान हलवून जिना उतरली. त्यानंतर आलेली नाही.

बाईंनी यादी बघून भुवया उंचावल्या. कशाच्या आधारावर, असं विचारलं. मी चिठ्ठीवरचे शिक्के दाखवले. त्या म्हणाल्या की आधार आहे तर माझी हरकत नाही, निर्णय तुमचा आणि सहीही तुमची. पण उमेदवारी संपताना मी दुसरं काही बघणार नाही, ही यादीच बघणार आहे, असंही म्हणाल्या. वीस तारखेला ती जाईल. शिक्के काही खोटं बोलत नाहीत ना.

उत्तर लवकर लिहावं, आणि माया आहे तशीच असावी.

आपली,
भिंगरी


ता. ७ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

ती यादी पाठवू नकोस. आधी हे वाच.

तुझे ते आजोबा म्हणजे गोट्या. माझा शाळेतला दोस्त. तुझ्या जन्माच्या आधीच आपलं गाव सोडून गेला म्हणून तू त्याला पाहिलेलं नाहीस. तो मुलीकडे तुझ्याच गावात राहतो. तुझं पहिलं पत्र आलं आणि मी त्याला लिहिलं की सभासद हो आणि माझं पुस्तक नेत जा. तो शिंपी आहे. जन्मात त्यानं रेडिओचं बटण फिरवण्यापलीकडे काही केलेलं नाही. मापात बेतलंय, सैल नाही, काचत नाही, हे वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. दर पंधरा दिवसांनी त्याचं पत्र येतं की आता पुरे कर, मला एखादी रहस्यकथा आणू दे, कार्डावर एकच पुस्तक मिळतं. मी त्याला दटावत राहिलो.

मला वाटलं, चार शिक्के पडतील, पुस्तक फळीवर राहील, तुझाही जीव भांड्यात पडेल. कुणाचं काय जातंय? ती पोरगी जिना उतरली तिथे माझं उत्तर मला मिळालं. दुकानात कुणी माझा तपासणीचा मीटर बिघडवून ठेवला असता आणि मी त्यावर विसंबून गिऱ्हाइकाचा चांगला सेट मोडीत काढला असता, तर मी त्याला दारात उभं राहू दिलं नसतं. मी तुझा मीटर बिघडवला, भिंगरे.

पुस्तकातली माहिती जुनी झाली आहे. त्यात लिहिलेले निम्मे सुटे भाग आता कुठेही मिळत नाहीत, हे मला तुझ्या आधी माहीत होतं. मला ते मरायला नको होतं, एवढंच. काढ ते. बाईंना माझं नाव सांग, माझा दोष सांग. तुझ्या नोकरीला माझ्यामुळे धक्का लागला तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

रागावली असशील तर रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझे बाबा


ता. २ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते. इतकी, की आठवडाभर लेखणी हातात धरली नाही. ऐकू येत असल्याचं सोंग घेऊन तुम्ही आजवर आईला फसवत आलात ते ठीक, पण माझ्या शिक्क्यांना हात लावलात.

मग राग उलटून माझ्याकडेच आला. तुम्ही एक माणूस पाठवलात, बाबा, आणि त्या एका माणसाचं मी गाव केलं. एकच कार्ड पुन्हा पुन्हा तेच पुस्तक नेतंय हे मला दिसत होतं. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचं असं झालं असतं तर मी पहिल्याच महिन्यात शंका घेतली असती. इथे घ्यायची नव्हती, म्हणून घेतली नाही.

बाईंना सगळं सांगितलं, लेखक माझे वडील आहेत यापासून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या की हे जूनमध्येच सांगितलं असतंत तर ती फळी मी दुसऱ्या कुणाला दिली असती. मग जुनी यादी माझ्यासमोर सरकवली आणि वीस तारीख बदललेली नाही एवढं म्हणाल्या.

मी संच खोडला. मोबाइल दुरुस्तीची तीन पुस्तकं घेतली, त्यातलं एक तरी नेहमी फळीवर असावं म्हणून. सौर विजेची दोन. ती मुलगी येईना, म्हणून तंत्रशाळेत जाऊन त्यांच्या फलकावर मी स्वतः चिठ्ठी चिकटवून आले की पुस्तकं मागवली आहेत. ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. आली नाही तर दोष शिक्क्यांचा नाही, माझाच.

तुमच्या पुस्तकावर मी रद्दचा शिक्का मारला. तुमच्या नावावर पडू नये म्हणून जरा खाली मारला, तेवढा पक्षपात बाईंनी चालवून घेतला. काढलेली पुस्तकं आठवडाभर दाराबाहेरच्या टेबलावर ठेवतात, हवं त्यानं न्यावं. जाता-येता माझा डोळा तिकडे. कुणी हातात घेतलं, चाळलं, ठेवलं. कुणी नेलं नाही. शनिवारी रद्दीवाला आला आणि गठ्ठ्याबरोबर ते गेलं.

मी ते घरी आणू शकत होते. खूप वाटलं. पण ते कधी आपल्या घरचं नव्हतंच ना. अनोळखी माणसांनी नेऊन नेऊन ते झिजवलं होतं, आणि काढलेल्या बाकीच्या पुस्तकांबरोबरच ते जायला हवं होतं. मी मागे उभी राहून बघितलं. तुम्हाला हे खरं तेच सांगायचं होतं, कुणी नेलं असं लिहिता आलं असतं तरी.

गोट्याकाका येऊन गेले. कान धरून उभे राहिले आणि लगेच विचारलं की आता आपल्या मर्जीचं नेता येईल का. सध्या खुनाच्या गोष्टीत बुडालेले आहेत.

माया तुटलेली नाही, तुमच्याकडूनही तुटू नये.

आपली,
भिंगरी


ता. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर पुन्हा खोटंच होईल. रद्दीवाल्याचं वाचून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

तुझी आई मागून आली. काय झालं म्हणाली. सगळं सांगितलं, गोट्याचंसुद्धा. म्हटलं, तुझ्या लेकीनं माझं पुस्तक काढून टाकलं. ती म्हणाली, म्हणजे पोरीला काम यायला लागलं.

मी बऱ्याच दिवसांनी तिचा शब्द न् शब्द नीट ऐकला.

सुखी अस. लोभ आहे, तो मोजू नये.

तुझे बाबा