महालक्ष्मीसाठी घेतलेल्या गोळ्या

दारव्हा, शुक्रवार, दिवेलागणीला

आज यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतला. दोनदा दिवस गेले आणि दोनदा पडलं, म्हणून. त्या म्हणाल्या, शरीराच्या रक्षक पेशी अस्तराला रसायनांतून निरोप देतात. निरोप बिघडले की अस्तर सुजतं, गर्भ धरत नाही. मग विचारलं, "या महिन्यात पाळी लांबवायची गोळी घेतली का? तिनं अस्तर बदलतं, तपासणी चुकते."

मी नाही म्हटलं. काहून म्हटलं? सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या. मागच्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या आणि माझी पाळी आली. घरची सून असून पूजेला हात नाही, हे वर्षभर ऐकलं. यंदा महालक्ष्म्या याच महिन्यात आल्या, तेव्हा चोरून गोळ्या घेतल्या. रिकामं पाकीट तांदळाच्या डब्यात आहे.

आता त्या तुकड्यात काय दिसेल, माझं शरीर की गोळी? औषध तर त्यावरूनच ठरणार. डॉक्टरीणबाईंना दोनदा फोन लावला, वाजायच्या आत कापला. ते पाकीट तरी आधी जाळायला पाहिजे.

आत्ता सासूबाई चहा ठेवून गेल्या. म्हणाल्या, "कायले भेऊन राह्यली वं? रिपोट चांगलाच येईन. यंदा महालक्ष्मीचं सारं तुह्याच हातानं झालं."