ज्ञ जागेवर गेला

शुक्रवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. पेठेतल्या आमच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या यादीचं सॉफ्टवेअर मी लिहिलं आणि कोड सगळ्यांना खुला ठेवला. अट एकच: कुणी ते इंटरनेटवरून लोकांना वापरायला दिलं, तर त्यात केलेले बदलही वापरणाऱ्यांना खुले करायचे. माझा नवरा सुनील तेव्हाच म्हणाला होता, "अट छान आहे. पाळणार कोण?"

हिंजवडीतली एक कंपनी तेच सॉफ्टवेअर वेबसाइटवरून इतर वाचनालयांना देते, हे कळल्यावर बदल खुले करा म्हणून मी मेल केला. उत्तर नाही. आपण उगाच भांडकुदळ ठरतोय का? रोज तेच मनात.

आज तिथल्या इंजिनिअरचा फोन आला. वानखेडे, मूळचे अकोल्याचे. "मॅडम, उशीर झाला. लीगलवाल्यांनी अट मान्य केली. आमचा सगळा कोड साइटवर टाकलाय."

उघडून पाहिला, तर वानखेड्यांनी क्ष आणि ज्ञ वर्णमालेप्रमाणे शेवटी नेले होते. कॉम्प्युटर ज्ञ म्हणजे ज ला जोडलेला ञ धरतो, म्हणून माझ्या यादीत ज्ञ नेहमी ज मध्येच घुसायचा. किती डोकं फोडलं होतं मी त्या ज्ञपायी. आणि या माणसानं ते किती सहज सोडवलंय.

तशीच वाचनालयात गेले आणि नवा कोड बसवला. आमच्या ग्रंथपाल गोखलेबाईंनी यादी अगदी खालपर्यंत पाहिली.

"आता बरोबर आहे. हे आधीच का नाही केलंत?"

"मी नाही केलं, बाई. हिंजवडीच्या वानखेड्यांनी केलं."

"मग आधी त्यांनाच विचारायचं होतंत."