एम्सलँडला पोचायचंय

बाबा,

दोहाबाहेर समैस्म्याला, ऑफिसच्या साहेबांच्या व्हिलाबाहेर गाडीत बसून हे लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा शाळेत असलेली तुमची नात आज जर्मनीत, एम्सलँड नावाच्या जिल्ह्यात, दवाखान्यात आहे. सातवा महिना, रक्तस्राव थांबत नाही, ऑपरेशन करणार आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दोहातला भाड्याचा फ्लॅट म्हणजे कसलं माहेर, म्हणून पुढच्या महिन्यात मीच तिकडे जाणार होते. व्हिसाही झालाय. पण हा देश सोडायला मालकाची सही लागते, आणि वर्ल्ड कपच्या रस्त्यांचं काम उरकेपर्यंत ऑफिसात सगळ्यांच्या रजा बंद आहेत. परमिटचं बघणारा माणूस कालपासून एकच घोकतोय, "मॅडम, मुदीर का साइन चाहिए. कल हो जाएगा, इन्शाल्ला." मुदीर म्हणजे हेच साहेब. इथला चौकीदार म्हणतो, "साब सो रहे हैं." शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस ना! इतका संताप येतोय की हॉर्नवर हात दाबून बसावं, पण सही त्याच माणसाची हवी.

हीच पोर पोटात असताना तुम्ही मला औशाहून जीपने लातूरला नेलं होतं. आई तेव्हा नव्हती. मी कळांनी ओरडतेय आणि तुम्ही, भूगोलाचे मास्तर, खिडकीबाहेर बोट दाखवून मला तालुक्याच्या हद्दी सांगताय. ही तावरजा, पुढे मांजरेला मिळते. इथे निजाम होता, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र. लातूर वेगळा जिल्हा होऊन किती वर्षं झाली तरी पत्त्यावर उस्मानाबादच लिहिणारे तुम्ही! "बाबा, गप्प बसा हो," मी खेकसले. "गप कसं बसू बाई? मलाच भ्या वाटायलंय," तुम्ही म्हणालात.

आज तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "आई, आय ॲम सो स्केअर्ड. बोल ना काहीतरी." कालपासून मी त्या जिल्ह्याचा नकाशा बघतेय, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतेय, दुसरं काही हातात नव्हतंच. तेच बोलत सुटले. एम्स नदी उत्तरेला वाहते. तिच्या आजूबाजूला मैलोन् मैल दलदल होती, पाय ठेवला तर रुतेल अशी. कालवे खणून ती आटवली आणि तिथे गावं वसवली. आधी बिशपची सत्ता, मग हॅनोव्हरचा राजा, मग प्रशिया. तीन जिल्हे होते, ते जोडून हा एक केला. "आई, याचे आजोबा अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव सांगतात," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. मी म्हटलं, तुझेही आजोबा अगदी तसेच. ती हसली, बाबा. रडता रडता हसली, आणि लगेच विचारलं, "तू कधी पोचतेस?"

तुम्ही निदान शेजारी बसलेले होतात. तिचा हात धरायला मी कुठे आहे? देवाला विनवून झालं, चौकीदाराला विनवून झालं, आता तुम्हाला. हे फोनवर लिहितेय, पाठवायला पत्ता नाही, थोड्या वेळाने पुसूनच टाकेन. पण एक गोष्ट कुणाला तरी सांगायलाच हवी. मी तिला म्हटलं, एअरपोर्टवर आहे, विमानात बसतेय, आता फोन बंद करते. तिचा आवाज एकदम शांत झाला. "ओके आई, मग मी जाते आत," म्हणाली. शुद्धीवर आली की ती आधी दाराकडे बघेल.