दाजींची गाडी आणि माझा ब्रश

डिंडोली, सुरत
दि. १२ नोव्हेंबर २०२५

ती. दाजींस, सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझा दात घासायचा ब्रश गेला. हरवला नाही, जागेवरच आहे. पण त्यातला ब्रश गेला. भाऊबीजेला तुम्ही राहायला आलात, माझ्या गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून तुमच्या त्या रिमोटच्या गाडीचे दाते घासलेत आणि मग त्याच ब्रशाने मी माझे. मला वाटत होतं, पेस्टवाल्यांनी चव बदलली. आमची कमल म्हणाली की माझं हसू अलीकडे काळपट दिसतंय. काल ब्रश उजेडात धरला, तेव्हा उलगडा झाला.

एरवी हे फोनवर सांगितलं असतं. पण रविवारी साखरपुड्यात तुम्ही भर हॉलमध्ये जाहीर केलंत की आनंदरावांशी यापुढे एक शब्द बोलणार नाही. रंजना म्हणते, बोलू नका, लिहा. लग्नाच्या खरेदीला तिला सुरतला यावंच लागतं, पिशवीतून पत्रं नेईल. सख्ख्या बहिणीला पोस्टमन केल्याचं निम्मं पाप तुमच्या नावे लिहून ठेवलंय.

लेकीच्या साखरपुड्याच्या अंगठ्या बापाच्या गाडीवरून याव्यात, ही कल्पना तुमची. गाडी निम्म्यापर्यंत झोकात आली, मग जागच्या जागी भिरभिरली आणि थेट विहीणबाईंच्या पैठणीत शिरली. एक अंगठी चेतनरावांच्या बासुंदीच्या वाटीत सापडली. त्यांनी ती शांतपणे चाटून बोटात घातली. स्थळ चांगलं आहे, हातचं जाऊ देऊ नका. पण या सगळ्यात माझा काय दोष?

लोभ असू द्यावा, काळा न पडता.

आपला
आनंदा

चलथाण
दि. १५ नोव्हेंबर २०२५

आनंदराव यांस, स. न. वि. वि.

ब्रशाबद्दल खेद आहे. केस असे चहूबाजूंनी पसरले होते की मला तो पॉलिशचा वाटला. तो तोंडात जातो हे कळल्यापासून तुमच्याबद्दल काळजी वाटते.

दोष विचारलात. सांगतो. दिवाळीत मी दाते कोरड्या ब्रशाने झाडले आणि बेअरिंगांना सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल दिलं. प्लॅस्टिकचे उघडे दाते कोरडेच ठेवले, कारण तेलाला धूळ चिकटते. मागच्या गिअरबॉक्सला मी हातही लावला नाही. त्यात मधासारखं घट्ट सिलिकॉनचं तेल असतं. त्याच्याच धाकाने दोन्ही चाकं मिळून चालतात. मग मी रंजनाला घेऊन बाजारात गेलो. परत आलो तर गाडी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी चकचकीत. आणि मी तुमचं कौतुक केलं.

परवा गिअरबॉक्स उघडला. मधाचा पत्ता नाही. आत तुमच्या गिरणीतल्या लूमचं पातळ तेल, वर रॉकेलचा वास, आणि झाकणाखालचं कागदी पॅकिंग गायब. तेल गळून डाव्या टायरवर आलं. हॉलच्या फरशीवर पुढचं तुम्ही स्वतः पाहिलंत, पहिल्या रांगेतून, हसत.

विहीणबाईंनी रंजनाला विचारलं म्हणे, तुमचे हे नेहमीच खेळतात का. तेव्हापासून गाडी डब्यात आहे.

तीस तारखेला लग्नात गायत्रीच्या पाठीशी मामा म्हणून तुमचा चुलतभाऊ भगवान उभा राहील. तो निदान कशात तेल तरी घालत नाही.

लोभ तूर्त बंद आहे. उघडला की कळवू.

प्रशांत

डिंडोली
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. दाजींस, सा. न. वि. वि.

गुन्हा कबूल. आता आमच्या खात्याची रीत ऐका. जन्म लूमखात्यात गेला. आमच्याकडे मशीनच्या पोटात घट्ट काही दिसलं की ती घाण समजायची, रॉकेलने धुवायची आणि तेलाची कुपी फिरवायची. तेल जमिनीवर टपकलं, की मशीनचं पोट भरलं. तुमचा गिअरबॉक्स उघडला तर आत लाळेसारखं काहीतरी ताणलं जात होतं. म्हटलं, बिचारा माणूस, वरवर घासतो, आतलं राहूनच जातं. भाऊबीजेला बहीण ओवाळते, तिला साडी देऊन मोकळं होता येतं. तिच्या नवऱ्याला काय द्यावं हे मला कधीच सुचलेलं नाही. या वर्षी सुचलं, ते हे. पॅकिंग मला किमतीची चिठ्ठी वाटली. भेटवस्तूवरची चिठ्ठी काढतात, तशी काढली.

भगवानबद्दल इतकंच सांगतो की तो उभा राहू शकतो याला काही पुरावा नाही. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो खांबाला टेकून झोपला होता. अक्षता पडल्या, तेव्हा गारा समजून आत पळाला.

गायत्रीला सायकल मी शिकवली. सीट धरून मागे पळत होतो, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून सूचना देत होता. पाठीशी उभं राहायचा तो सराव चाललाय, असं मी धरून चाललो होतो. सूचनांची हौस तुमची तुम्ही खुशाल भगवानवर भागवा.

उरलासुरला लोभ तरी रॉकेलने धुऊ नये.

आपला
आनंदा

चलथाण, २१ नोव्हेंबर

मामा,

ही चिठ्ठी आहे, त्यामुळे ते सा. न. वगैरे नाही. तुझं पत्र पप्पांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसले, मी पाहिलं म्हणून खोकले. पण सगळ्यांसमोर बोलून बसलेत ना, आता मागे कसं फिरायचं ते त्यांना कळत नाही. मम्मीने सांगून पाहिलं, तर रिमोटचे सेल काढून पुसत बसले.

गाडीचा डबा मी लग्नाच्या हॉलवर माझ्या खोलीत आणून ठेवणार आहे. किल्ली माझ्याकडे. चेतनला सांगून टाकलं की मामा मागे नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. तो म्हणाला, वांधो नहीं, काही हरकत नाही, मग मी एकटाच चढू का.

तू ये बस.

गायत्री

डिंडोली
दि. २ डिसेंबर २०२५

ती. दाजींस, सा. न. वि. वि.

लग्न उत्तम झालं. भगवान मंगलाष्टकांच्या आधी ‘जरा जिलेबी बघून येतो’ म्हणून गेला, तो आलाच नाही. त्याला तिथे आग्रह करकरून कोण वाढत होतं, ते रंजनाला विचारा. गायत्रीच्या मागची जागा रिकामी होती, मी उभा राहिलो. तुम्ही समोरून पाहिलंत. हाकलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तुमचा तर अबोला. अबोल्याचा इतका चांगला उपयोग मी आजवर पाहिला नव्हता.

अंतरपाट निघाला, टाळ्या झाल्या, वऱ्हाड पंगतीकडे धावलं. तेव्हा तुम्ही जवळ येऊन म्हणालात की आनंदराव, आता तरी पोरीचा खांदा सोडा, तिला हार घालायचाय. अबोला तुम्ही मोडलात, मी नाही, एवढं लक्षात असू द्या. तुमचा आवाज बसलेला वाटला. उदबत्त्यांचा धूर असेल. धूर माझ्याही बाजूला होताच.

घरी आल्यावर आहेराच्या पिशवीत एक नवा ब्रश निघाला. कोणी दिला ते लिहिलेलं नाही, पण केस भलतेच कडक आहेत. निवड दातांची नसून दात्यांची वाटते. पावला म्हणून समजा.

आणि तुमचा डबा एकदा उघडून पाहा. तुम्ही दारात वऱ्हाडाचं स्वागत करत होता, गायत्रीला मुंडावळ्या बांधणं चाललं होतं, तेव्हा मी तिच्या खोलीत कोपरा धरून बसलो होतो. आमचं तेल पुसून काढलं. मधासारखं तेल कतारगामच्या एका दुकानातून आणलं होतं, दुकानदाराला तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवून; त्याने लोभ बंद असल्याबद्दल चौकशी केली. पॅकिंग आमच्या खात्यातल्या कागदाचं कापून बसवलं. दाते कोरडे झाडले, बेअरिंगांना एकेक थेंब दिला. दुसऱ्या थेंबासाठी हात फार शिवशिवला, तो खिशात घातला.

विहीणबाई मांडवपरतणीला येतील, तेव्हा गाडी त्यांच्यासमोरच चालवा. सरळ जाईल.

पॅकिंगचे जादा तुकडे डब्याच्या तळाशी ठेवलेत. त्यांच्या शेजारी माझा जुना ब्रश आहे. तो आता तिकडचाच.

लोभ असावा, आणि तोही पातळ तेलाचा नको.

आपला
आनंदा