आली का?

२ ऑगस्ट

तारीख नातीने घातली आहे. मला अक्षर ओळखता येत नाही. मी सांगते, ती लिहिते. मध्येच गालातल्या गालात हसते, म्हणजे पदरचं काहीतरी घालत असणार. घालू दे. मला कुठे वाचता येणार आहे!

आज नव्या घरात राहायला आलो. इमारत एवढी उंच, की वर बघता बघता माझा पदर डोक्यावरून खाली पडला. लेक इथला वायरमन. काम पुरं होईपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या या दोन खोल्या आम्हाला दिल्या आहेत. एकदा इमारतीत वीज खेळली की लेक इथेच कायमचा नोकरीला, आणि या खोल्या आमच्याच. नात खाली सामानाच्या गोदामात काम बघते. सामान वेळेवर आलं नाही की फोन करून ओरडायचं कामही तिचंच. आवाज माझ्यावर गेलाय.

भिंतींना ताज्या रंगाचा वास आहे. खिडकीच्या काचांवरचे कागद अजून निघाले नाहीत. पंखे टांगलेत, बटणं बसलीत, लिफ्टच्या दारात तर आरशासारखं तोंड दिसतं. नाही ती फक्त वीज. मी पंख्याखाली बसून पुठ्ठ्याने वारा घेतला आणि लेकाला म्हटलं, तुझा पंखा छान आहे हो, डोळ्यांना गार वाटतं. तो पोट धरून हसला. सूनबाई गेल्यापासून असा हसला नव्हता.

६ ऑगस्ट

आज लेकाने मला तळघर दाखवलं. एका कोपऱ्यात लोखंडी दाराची खोली आहे. आत सिमेंटचा मोठा ओटा, चारी बाजूंनी जाड केबलींची तोंडं वर काढून ठेवलेली. ओटा रिकामा. तिथे ट्रान्सफॉर्मर बसायचा आहे. रस्त्यावरच्या मोठ्या तारेतली वीज माणसाला जाळून टाकील अशी असते, हा तिला शांत करतो आणि मग घरात सोडतो, असं लेकाने समजावलं. बाकी सगळं तयार आहे, एवढा तो येत नाही.

मी त्याचं नाव जावई ठेवलं. सगळं घर सजून बसलंय आणि हे रुसलेत! जाताना दारातून आत ओरडून सांगितलं, जावईबापूंना सवड नसेल तर दुसरं कुणी या, जागा झाडून ठेवली आहे. खोली रिकामी असल्यामुळे आवाज घुमला. लेक म्हणाला, आई, पुरे आता तुझी थट्टा.

१७ ऑगस्ट

जावयाचा पत्ता नाही. नात रोज कंपनीला फोन लावते. तिकडचा कारकून रोज तेच सांगतो, तुम्ही रांगेत आहात. म्हणे जगभर सगळ्यांनी एकदमच बांधायला काढलंय आणि हे डबे करणारे कारखाने मोजकेच. तांबं वेळेवर मिळत नाही, पत्रा मिळत नाही, हाताला कसब असलेली माणसं मिळत नाहीत. समोरचं इस्पितळ असंच अडलंय. खाटा पडल्या आहेत, रोगी घेता येत नाहीत. पलीकडची शाळा तशीच. सगळा रस्ता नवा कोरा आणि दिवेलागणीला काळाठिक्कर.

इथले इंजिनियर विचारलं की उद्या म्हणतात. मी त्यांना उद्यासाहेब म्हणते. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. जुनी घरं सोडून बसलेली काही कुटुंबं तशीच राहायला आली आहेत. आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, मास्तरीणबाई एकट्याच असतात. जिन्यात भेटलो की दोघी आपापले गुडघे धरून थांबतो आणि उद्यासाहेबांचा उद्धार करतो.

आज कारकून वेगळंच बोलला. नातीने फोन लावला तर म्हणाला, ती निघाली. नात म्हणाली, अहो, ती कोण? ट्रान्सफॉर्मर तो असतो. तर पुन्हा तेच, ती निघाली, आणि फोन ठेवला. मी म्हटलं, मेला सकाळीच झोकून बसला असेल. नात हसली नाही. म्हणाली, आजी, आवाज रोजच्या माणसाचा नव्हता.

२१ ऑगस्ट

लाईट आली!

दुपारी मी कणीक मळत होते. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, जिन्यात दिवे लागले, आणि सगळ्या मजल्यांवरून एकच आरोळी उठली, आली! माणसाला ते कुणी शिकवावं लागत नाही. मास्तरीणबाईंचा आवाज सगळ्यांत वर. मी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त लेक ओरडला नाही. तो धावत तळघरात गेला आणि पांढराफटक होऊन वर आला. ओटा रिकामाच आहे. केबलींची तोंडं होती तशी उघडी आहेत, त्याने एकही जोडलेली नाही. पण खोलीत घूं असा आवाज चालू आहे, आणि ओट्यावरची धूळ मधोमध दबली आहे. कुणी बैठक मारल्यासारखी.

२३ ऑगस्ट

लेक टेस्टर घेऊन घरभर फिरला. तारेत वीज असली की टेस्टरच्या पोटातला दिवा लागतो. तो कुठेच लागत नाही, आणि बल्ब तर जळतायत. बटण बंद केलं तरी जळतात. बल्ब काढून हातात घेतला तर हातातही जळत राहिला. जरासुद्धा गरम नव्हता. लेकाने तो टाकून दिला आणि कितीतरी वेळ हात धूत बसला.

मास्तरीणबाई सकाळपासून दिसल्या नव्हत्या म्हणून वर गेले. दार उघडं होतं. चहाच्या कपातून वाफ निघत होती, चष्मा उघड्या पुस्तकावर. त्या नव्हत्या. त्यांच्या खुर्चीवर, माणूस बसतं तेवढ्याच जागेत उजेड होता. वर दिवा नव्हता.

मी त्यांना हाक मारली. उजेड माझ्याकडे वळला. याहून बरं मला सांगता येत नाही.

२७ ऑगस्ट

रखवालदार गेला. त्याच्या खोलीत आधी लाईट नव्हती. काल लागली तेव्हा तो आनंदाने ओरडला, ते आम्ही खिडकीतून ऐकलं. आज त्याच्या स्टुलावर तसाच उजेड बसलाय. पाचव्या मजल्यावरचं जोडपंही तसंच.

आता मला कळलं. ती लागते म्हणून माणसं ओरडतात, पण तेवढंच नाही. जो तो शब्द ओरडेल त्याच्याकडे ती जाते. तोंडाने बोलावल्याशिवाय माणसाच्या आत शिरत नाही.

मी घरात तो शब्द बंद केला आहे. नातीला सांगितलं, मागे लिहिला तो लिहिला, आता तोंडून काढायचा नाही. बाई गं, किती अवघड! झोप लागली म्हणायचं, शिंक झाली म्हणायचं, गवळीण दारात आहे म्हणायचं. आपल्या बोलीत दर दोन वाक्यांआड तो शब्द दबा धरून बसलेला असतो, हे इतकी वर्षं बोलून मला ठाऊक नव्हतं.

२८ ऑगस्ट

लेकाला म्हटलं, चला इथून. नोकरी गेली खड्ड्यात, खोल्या गेल्या खड्ड्यात. तो म्हणाला, कुठे जायचं ते सांग, आई. मला खिडकीपाशी नेलं आणि काचेवरचा कागद फाडला.

समोरच्या इस्पितळात मजल्यामागून मजला उजळत होता. मग शाळा. मग त्यामागची इमारत, मग त्यामागची. कुठेच ट्रान्सफॉर्मर पोचलेला नाही, नातीला पक्कं माहीत आहे. आणि प्रत्येक ठिकाणाहून, लांबून लांबून, माणसांची ती आनंदाची आरोळी. सगळं गाव तिला बोलावतंय. किती जणांची तोंडं धरणार?

उद्यासाहेबांना फोन लावला. उचलला. पलीकडे नुसतं घूं.

३० ऑगस्ट

लेक तळघरात गेलाय. केबली मुळापासून कापून टाकतो म्हणाला. मी पाय धरायचे बाकी ठेवले होते. नातीला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं आणि

मी सांगते. थांब, सांगते. लिही.

वायरमनची एक रीत असते. तो खाली तार जोडतो, वरच्या माणसाला बटणापाशी उभं करतो आणि खालून ओरडून विचारतो, आ— का? वरच्याने लगेच उत्तर द्यायचं. नात फ्रॉक घालायची तेव्हापासून हे उत्तर तिचं. बाप घरोघर कामाला जायचा, ही सोबत. झोपेतसुद्धा देईल.

आज ठरलं होतं, तो विचारील, गेली का? खालून करवतीचा आवाज येत होता. मग थांबला. मग हाक, अगदी लेकाच्या आवाजात, नेहमीच्या लाडाने. पण विचारलं ते जुनंच.

मी हात पुढे केला. नातीच्या तोंडापर्यंत पोचला नाही.

ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, कप पडून फुटल्यावर लहान मूल बघतं तसं. मी म्हटलं, काही नाही झालं गं, माझ्या राजा, काही नाही.

लेक वर परतला नाही.

३१ ऑगस्ट

नात बोलत नाही. बसलीय समोर. लिहितेय. मी सांगते ते लिहीत असावी. पेन करकरतंय.

मी "गेली, गेली" म्हणून बघितलं. दारात उभं राहून म्हटलं, तळघराच्या तोंडाशी म्हटलं. काही होत नाही. तिला यायचाच शब्द कळतो.

भात कालवून घास पुढे केला. तोंड मिटलेलं. मिटल्या ओठांच्या फटीतून—

नको. ते लिहू नकोस.

तारीख घाल गं. घातलीस का?

मेणबत्ती लावली नाही मी. तरी तुझा कागद दिसतोय. तुझ्याच अंगाचा—

मी गप्प बसले तरी पेन चालतंय. काय लिहितेस? मी काही बोलले नाही. कुणाचं लिहितेस? मला वाचता येत असतं तर—

हात दे. हा हात तुझा नाही. गरम नाही, गार नाही. पण शिवण शिकताना सुई टोचलेलं बोट तेच आहे. मीच सुई दिली होती तुला.

ऐक. आहेस ना आत कुठे? सगळा उजेड तिने बाहेर घेतलाय, म्हणजे तू आहेस तिथे अंधार असणार. आणि तुला अंधारात एकटीला झोप लागत नाही. बापाला सांगायची नाहीस, माझ्याच कुशीत शिरायचीस.

तुला सोडायची नाही ती, ठाऊक आहे मला. मागतही नाही.

मी येते तिथे. जरा सरक. जागा कर आजीला.

पेन ठेवू नकोस. मी म्हणते तो शब्द. लिही—

आ